बारा बातम्या आणि येळवशीचं पाणी

लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा माझ्याबरोबर एक लॅपटॉप होता आणि नोकरी होती. नोकरी पुण्याच्या एका वेबसाईटची. मोबाईल, कॉम्प्युटर, नवनवी यंत्रं यांच्या मराठी बातम्या देणारी साईट. काम घरून केलं तरी चालणार होतं, म्हणून सासरच्या वरच्या खोलीत टेबल मांडलं. सासूबाई पाव्हण्यांना सांगायच्या, "सून कंप्युटरवर असती दिवसभर." नवरा उमरग्याला शाळेत शिकवतो, तो सकाळी जायचा आणि संध्याकाळी यायचा. माझ्या कामात खरा रस घेतला तो एकट्या सासऱ्यांनी. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात.

मला दिवसाला बारा बातम्या द्याव्या लागत. साईटचा हिशेब सोपा होता: जितक्या बातम्या जास्त तितकी माणसं जास्त येणार. कंपनीचं पत्रक इंग्रजीत यायचं. त्याचं मराठी करायचं, वर एक प्रश्नचिन्ह असलेला मथळा लावायचा आणि पुढचं पत्रक उघडायचं. माझा हात इतका बसला होता की वीस मिनिटांत एक बातमी हातावेगळी व्हायची. पहिल्या परिच्छेदात मथळाच पुन्हा सांगायचा, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात बॅटरी. एका फोनबद्दल मी "हातात घेतल्याबरोबर त्याचा दर्जा जाणवतो" असं लिहिलं होतं. तो फोन तेव्हा भारतात आलासुद्धा नव्हता, मग माझ्या हातात कुठून येणार? पण असं लिहिताना मला कधी काही वाटलं नाही. उलट सहकाऱ्यांपेक्षा माझा आकडा आधी पूर्ण होतो याची घमेंडच होती. मी स्वभावानं तापट आहे आणि कुणी आपल्या पुढं गेलेलं मला खपत नाही.

आबांचा दिवस हायवेवरच्या हॉटेलात सुरू व्हायचा. तिथं बाकड्यावर बसून, चहा घेत, चष्मा लावून ते माझ्या आदल्या दिवशीच्या बाराच्या बारा बातम्या वाचत. कळणाऱ्या आणि न कळणाऱ्याही. फोनचा पडदा किती इंची आहे याच्याशी त्यांना काय देणंघेणं? तरी वाचत. बाजूला बसलेल्यांना मधलं काहीबाही मोठ्यानं ऐकवत. रात्री जेवायला बसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"आज किती आल्या?"

"बारा."

"मला अकराच घावल्या."

मग मी त्यांच्या फोनवर बारावी शोधून द्यायची. मला याची मोठी गंमत वाटायची. नवऱ्याला मी म्हणायची, "आमच्या साईटला एकच पक्का वाचक आहे, आणि तो माझ्याच हातची भाकरी खातो." तो हसायचा. आबांच्या वाचण्यामागं काय आहे, याचा विचार मी कधी केला नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका कंपनीचं पत्रक आलं मोबाईल स्टार्टरचं. हे यंत्र आमच्याकडं आता बऱ्याच जणांच्या रानात दिसतं. बोअरच्या मोटरच्या पेटीत एक डबी बसवायची, तिच्यात सिमकार्ड घालायचं आणि घरून त्या नंबरला फोन लावायचा. मोटर चालू. परत फोन लावला की बंद. त्या दिवशी ती माझी अकरावी बातमी होती. पोटात कावळे ओरडत होते, आणि बारावीसाठी अजून एक पत्रक बाकी होतं. मी लिहिलं, "डबीत कोणतंही चालू सिम टाका आणि घरबसल्या एका कॉलवर मोटर सुरू करा. इतकं सोपं!" शेवटचं उद्गारचिन्ह माझ्या मनाचं. पत्रकात ते नव्हतं.

चौथ्या दिवशी आबा नळदुर्गला गेले आणि नेमकं तेच यंत्र घेऊन आले.

त्यांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी ऐट होती ती मी अजून विसरले नाही. "तुझ्या लेखातलं हाय," म्हणाले. "दुकानदार दुसरं दावत हुता. म्या म्हणलं, ते नगं, हेच दे. आमच्या घरात लिव्हलंय ह्याच्यावर."

खोक्यात बारीक अक्षरातली एक पुस्तिका होती, हिंदी आणि इंग्रजीत. नवऱ्यानं ती वाचायला घेतली तर आबांनी त्याच्या हातातून काढून घेतली. "पुस्तिका कशापायी? घरचा लेख हाय की." ती त्यांनी खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर टाकलं.

आता सिम. आबांनी उन्हाळ्यात नवा मोबाईल घेतला होता, नव्या नंबराचा. त्यांचा जुना बटणाचा फोन फडताळात पडून होता आणि त्यातल्या सिमचं वर्षाचं रिचार्ज अजून शिल्लक होतं. ते वाया का घालवायचं? लेखात तर लिहिलंच होतं, कोणतंही चालू सिम. आबांनी ते सिम काढलं, रानात जाऊन स्वतः डबी बसवली आणि घरी येऊन ओट्यावरून फोन लावला. फोनमधून एका बाईचा आवाज आला, मोटर चालू झाली आहे. आबांनी फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंना ऐकवला, मला ऐकवला, रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना थांबवून ऐकवला. त्या दिवशी आमची मोटर निदान सात वेळा चालू-बंद झाली असेल.

तो जुना नंबर आबांकडं वीस वर्षं होता. जिथं जिथं आमचे पाव्हणे आहेत तिथं तिथं तो पाठ होता, कुणाच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता, कुणाच्या फोनमध्ये पहिलाच होता. नवा नंबर आबांनी मोजक्या माणसांना दिलेला. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, आणि त्यात मी आले.

पुढच्या काही दिवसांत खालच्या अंगाचा हरभरा अधूनमधून ओला दिसायला लागला. पाणी सोडलेलं नसताना दोन पट्ट्यांत चिखल. आबांनी व्हॉल्व्ह तपासला, पाईपची जोडणी तपासली. काही सापडेना. हरभरा फुलात होता आणि फुलातल्या हरभऱ्याला असं उगाच पाणी चालत नाही. आबा चार दिवस चिडचिड करत होते. मी वर बसून बारा बातम्या देत होते.

मग वेळा अमावस्या आली. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस औषधाला मिळत नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, आणि मग सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. एकट्यानं जेवायचा हा सण नाही. आमच्या रानात या म्हणून सकाळपासून एकमेकांना निरोप जातात. पूर्वी माणूस यायचा सांगायला. आता फोन येतो.

आम्ही दहाच्या सुमाराला पूजा केली. पाव्हणे धरून वीस-बावीस माणसं होती. कोपीसमोर, हरभऱ्याच्या कडेला सतरंज्या टाकून पंगत बसली. मी आंबिलाचं गाडगं घेऊन वाढत होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. एकदम मोटर चालू झाल्याचा आवाज आला आणि पाईपातून पाणी हरभऱ्यात पडायला लागलं.

"कोण हाय रं पेटीपाशी?" आबा बसल्या जागेवरून ओरडले. नवरा पळत गेला. पेटीपाशी कुणी नव्हतं. तो हात लावणार तेवढ्यात मोटर आपोआप बंद झाली. तो येऊन पानावर बसला तर परत चालू. परत बंद. आबांनी आपला फोन काढून बघितला, त्यांनी कुणाला फोन लावला नव्हता. तिसऱ्यांदा मोटर चालू झाली ती झालीच. नवरा पुन्हा पेटीकडं धावला खरा, पण तो पोचेपर्यंत पाणी पट्टीतून फुटून सतरंज्यांच्या खाली आलं होतं. माणसं पत्रावळी हातात धरून उभी राहिली. पोरंटोरं खूश. सासूबाई खिरीचं पातेलं उचलून धरून उभ्या.

नेमक्या त्याच वेळी माकणीच्या आत्या बांधावरून येताना दिसल्या. या आबांच्या धाकट्या बहीण, जीपनं आलेल्या आणि चांगल्याच तापलेल्या. लांबूनच त्यांनी सुरुवात केली.

"दादा, सकाळपास्नं फोन लावतीया म्या, की आमी निघालो म्हणून सांगावं. तर एक बाई बोलती! मोटर चालू झाली म्हणती. म्या म्हणलं, अगं बाई, माझ्या भावाला दे. तर कट. परत लावला तर म्हणती मोटर बंद झाली. कोण ठेवलीया रं ही बाई?"

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. मग एकदमच सगळ्यांना उमजलं. जो हशा पिकला तो शेजारच्या तीन रानांत ऐकू गेला असेल. उभ्या माणसांनी आपापल्या पत्रावळी सांभाळत पोट धरलं. नंतर हिशेब लागला. सकाळपासून उमरग्याहून, लोहाऱ्याहून, अणदूरहून ज्यांनी ज्यांनी आबांना प्रेमानं फोन केला त्यांनी आमची मोटर चालवली होती. आठ दिवस ओला होणारा हरभरा हा पाव्हण्यांच्या मायेनं ओला होत होता.

मीही हसत होते. तेवढ्यात बांधाला बांध असलेले शेजारचे तात्या म्हणाले, "सूनबाईनं असंच लिव्हलंय का वो लेखात? पाव्हण्यांनी फोन केला की पाणी सोडावं?"

सगळे पुन्हा हसले. आबा हसले नाहीत. हातातली पत्रावळ खाली ठेवून ते सरळ तात्यांकडं बघत म्हणाले, "लेखात चूक नसती. माझंच वाचायचं चुकलं असंल."

माझ्या हातातलं आंबिलाचं गाडगं मला एकदम जड झालं. कोणतंही चालू सिम टाका. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवलं, उद्गारचिन्हासकट. गाडगं घेऊन पुढच्या माणसाकडं गेले आणि वाढत राहिले.

मोटर पेटीतून बंद केली, सतरंज्या वर सरकवल्या, जेवणं झाली. दुपारी पाव्हणे शेजारच्या रानातला डहाळा, म्हणजे घाटे धरलेला ओला हरभरा, खात इकडंतिकडं पांगले. मी भांडी गोळा करत कोपीपाशी गेले तर आबा कोपीच्या सावलीला बसले होते. चष्मा लावलेला, फोन हातात. माझाच लेख उघडला होता आणि ओळीखाली बोट धरून ते वाचत होते. मला बघून म्हणाले, "ये गं, हे बघ जरा. तीनदा वाचलं, आता चौथ्यांदा वाचतोय. 'कोणतंही चालू सिम टाका,' हितपर्यंत दिसतंय. ह्याच्याफुडं तू लिव्हलं असशील की, कंचा नंबर घ्यावा, कुणाचा फोन चालावा, कुणाचा चालू न्हाय. ते माझ्या फोनमधी दिसंना झालंय. लेख जुना झाल्यावर फुडचं गळून जातं का?"

"बघते," मी म्हणाले.

फोन हातात घेतला, बोटानं वर-खाली केलं, जणू काहीतरी शोधते आहे. मग "घरी गेल्यावर बघते" म्हणून परत दिला. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रागही आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. साईटवर काढावा, तर ते वाक्य साईटनं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून ते खोकं काढलं आणि पुस्तिका वाचली. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: नवीन डबी कुठल्याही नंबरच्या फोनला दाद देते. म्हणून आधी मालकाचा नंबर नोंदवा, मग डबीला एक मेसेज पाठवून बाकीचे सगळे नंबर बंद करा. वाचायला दहा मिनिटं लागली. ज्या यंत्रावर मी लेख लिहिला त्याच्याबद्दल ही माझी पहिली दहा मिनिटं होती.

खाली आले. आबा ओट्यावर चहा पीत होते. मी म्हणाले, "आबा, तुमच्या फोनमधून काही गळालं नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. मी ते यंत्र बघितलं नव्हतं."

आबांनी कप खाली ठेवला. "मग लिव्हलं कसं?"

"कंपनी लिहून पाठवते. मी त्याचं मराठी करते."

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्यापण तशाच."

"समद्या?"

"बहुतेक समद्या."

आबांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट काही बोलले असते, भांडण होऊन मोकळं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "म्या तर समद्या वाचल्या गं." आणि उठून रानात गेले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं नाही, आज किती आल्या. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, हॉटेलात आबा नुसता चहा पिऊन येतात म्हणं, फोन काढत नाहीत. बाकी वागणं नेहमीसारखं. मला "जेवलीस का" विचारायचे, बाजारातून माझ्यासाठी पेरू आणायचे. फक्त तो प्रश्न बंद झाला. तेव्हा मला कळलं की तीन वर्षं मी ज्याची टिंगल करत होते ते माझ्या कामातलं एकमेव खरं माणूस होतं. बाकी सगळा आकडा. हजारो लोक उघडतात, चार सेकंद थांबतात, निघून जातात. या माणसानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, आणि वाचून स्वतःच्या रानात तसं केलं होतं. मला तो वाचक परत हवा होता. बाकी काही नको होतं.

आठवडा संपायच्या आत मी संपादकांना फोन लावला. ते पूर्वी वर्तमानपत्रात होते, भला माणूस, पण आकड्यानं गांजलेला. मी येळवशीची सगळी हकीगत सांगितली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "बोल, काय पाहिजे?"

"त्या स्टार्टरवर नव्यानं लिहायचंय. वापरून. आठ दिवस लागतील."

"एका लेखाला आठ दिवस? अगं, तेवढ्यात शहाण्णव होतात."

"होतात. त्यातल्या एकीवर विसंबून तुम्ही तुमच्या घरात काही विकत घ्याल का?"

माझा आवाज जरा चढलाच होता. मग ते म्हणाले, "आकडा पडला तर वर उत्तर मला द्यावं लागतं, हे तुला माहितीये. बारा नको देऊस, रोज सहा दे. आठ दिवस. नंतर बघू." त्यांना कबूल करणं सोपं नव्हतं, म्हणून मी लगेच हो म्हणाले.

सकाळी सहा पत्रकं उरकायची आणि वही घेऊन रानात जायचं, असं सुरू झालं. पहिल्या दिवशी डबी उघडली, नवं सिम घातलं, आबांचा नंबर नोंदवायचा मेसेज पाठवला. काही झालं नाही. परत पाठवला. काही नाही. रेंज पेटीच्या एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, हे कळायला दीड तास गेला. मी ते वहीत लिहिलं. आबा लांब हरभऱ्यात पिवळी पडलेली रोपं उपटत होते, माझ्याकडं बघतही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी टेस्टर हातात धरून पेटीत डोकावले तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "ए पोरी! मरायचंय व्हय? आधी मेन पाड!" म्हणत ते धावत आले. त्यानंतर ते तिथून हलले नाहीत.

सिमबद्दल लेखात काय लिहायचं, हे आम्ही तिसऱ्या दिवशी ठरवलं. माझ्या नोंदीत होतं, "नवीन सिम वापरा." आबा म्हणाले, "नुसतं नवीन नगं लिवू. ज्याचा नंबर एकाबी पाव्हण्याला ठावं न्हाय, असं लिव." तसंच लिहिलं. पाचव्या दिवशी बोअरचं पाणी तुटलं आणि मोटर तरीही चालत राहिली. डबीनं बंद करायला हवी होती, पुस्तिकेत तसं म्हटलं होतं. आबांनी माझा खांदा धरून मला थांबवलं. "ऐक. आवाज बदलला का? आधी घुमत हुती, आता पोकळ वाजतीया. पाणी न्हाय पोटात." मी डोळे मिटून ऐकलं. खरंच वेगळा आवाज होता. त्यांनी मेन पाडून मोटर बंद केली. मग आम्ही कंपनीच्या माणसाला फोन लावून कोरडी मोटर बंद करायची सोय कशी चालू करायची ते विचारलं. ती वेगळ्या मेसेजनं चालू करावी लागते, आणि पुस्तिकेत तो मेसेज चुकीचा छापला होता. हे कुणाच्याही लेखात नव्हतं. असणार कसं?

लेख पाठवला तेव्हा संपादक म्हणाले, पाव्हण्यांचं वाक्य काढू या, थट्टा वाटते. मी म्हणाले, बाकी काहीही काढा, ते नको. ते राहिलं.

लेख आला त्या दिवशी फार कुणी उघडला नाही. त्याच दिवशी आलेल्या माझ्याच एका फोनच्या बातमीनं त्याला सहज मागं टाकलं. मी खट्टू झाले. पण फोनची बातमी दुसऱ्या दिवशी मेली आणि हा लेख मरेना. रोज थोडे थोडे लोक येत राहिले आणि खाली लिहीत राहिले. कुणी लिहिलं, रेंजची युक्ती लागू पडली. कुणी लिहिलं, मी वडिलांचं जुनं सिम टाकणारच होतो, वाचलो. तीन वर्षांत माझ्या लेखाखाली कुणी "वाचलो" असं लिहिलं नव्हतं.

आबांना मी विचारलं नाही, वाचला का म्हणून. धीरच झाला नाही. मग एक दिवस दुपारी ते शेजारच्या तात्यांच्या रानातून आले, पाय चिखलानं भरलेले. तात्यांनीही तेच यंत्र आणलं होतं, येळवशीला हसून हसून घेतल्यावर. आबा पायरीवर बसून पाय धुता धुता म्हणाले, "तात्याच्या पेटीपाशी उभा राहून तुझा लेख वाचला म्या. मोठ्यानं. म्या वाचत गेलो, त्यो करत गेला. झाली चालू."

"अडलं नाही कुठं?"

"न्हाय." त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "एकदाच वाचावं लागलं."

मी घरात गेले आणि डोळ्यांना पदर लावला. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, कांदा.

त्या वर्षी खालच्या दोन पट्ट्यांतला हरभरा गेला तो गेलाच, बाकीचा चांगला आला. संपादकांशी भांडून, आर्जव करून मी आता बाराचे आठ करून घेतले आहेत. आठवड्यातून एक लेख मात्र वापरून लिहायचा, त्याला वेळ लागेल तेवढा. पुढं हेही टिकेल की नाही, मला माहीत नाही. आकडा घसरला की पुण्याहून अजून फोन येतो आणि मी अजून तेवढ्याच तावातावानं बोलते.

आबा पुन्हा हॉटेलात फोन काढायला लागले आहेत. जेवतानाचा प्रश्नही परत आला, पण त्यांनी तो बदलला. परवा भाकरी मोडता मोडता त्यांनी चष्मा खिशातून काढला आणि विचारलं, "आज हात लावून लिव्हलेली कंची?"

"आज आठ आल्यात," मी म्हणाले, "पण तशी एकही नाही."

"बरं," म्हणाले, चष्मा परत खिशात ठेवला आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मग ती आली की सांग. तवा वाचतो."